कायमस्वरूपी, जगद्व्यापी, विनामोबदला: एक अनावृत पत्र

मा. अटी-शर्ती लिहिणारे वकीलसाहेब,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या लेखनाचे कौतुक आजवर कुणीच केलेले नाही. वाचलेच नाही तर करणार कुठून? आम्ही मंडळी पान सरसर खाली सरकवतो आणि ‘मान्य आहे’वर टिचकी मारून मोकळे होतो. मी मात्र न्यू जर्सीच्या थंडीत सवड काढून आपली सारी कलमे वाचली आणि थक्क झाले. आपले म्हणणे थोडक्यात असे: ‘मजकुराचे मालक तुम्हीच. आम्हाला फक्त तो छापण्याचा, बदलण्याचा, विकण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा कायमस्वरूपी, अपरिवर्तनीय, जगद्व्यापी, विनामोबदला परवाना द्या.’ वा! सातबारा आमच्या नावावर आणि पीक आपल्या घरी.

सातबारा खोटा आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेचा १९७६ चा कॉपीराइट कायदा १ जानेवारी १९७८ ला अमलात आला. तेव्हापासून मजकूर लिहून झाला की हक्क लेखकाचा. अर्ज नको, शिक्का नको. लेखकाच्या मृत्यूनंतरही तो सत्तर वर्षे टिकतो. कायद्याचा बारकावाही पाहण्यासारखा. एक कप हरभरा डाळ, एक कप गूळ, चिमूटभर जायफळ ही नुसती यादी कुणाच्याच मालकीची नाही. पण पुरणात उलथने उभे करून ते पडत नाही याची खात्री कशी करायची, आणि तोवर भारतातून आलेला फोन का उचलायचा नाही, हे मी माझ्या शब्दांत सविस्तर लिहिले तर ते वर्णन माझे. माझ्या पश्चात सत्तर वर्षे ते उलथने माझ्या वारसांच्या नावे उभे राहील.

कोर्टात जायचे तर मात्र आधी नोंदणी हवी, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एकमताने स्पष्ट केले. आमच्यासारख्या फुटकळ लेखकांची सोय म्हणून २०२० पासून कॉपीराइट ऑफिस तीन महिन्यांतले पन्नासपर्यंत छोटे ऑनलाइन लेख एकाच अर्जात नोंदवून घेते. फी ६५ डॉलर. पण प्रत्येक लेख किमान पन्नास शब्दांचा हवा. म्हणजे ‘मस्त!’, ‘तोंडाला पाणी सुटलं’ ही माझी निम्मी साहित्यसंपदा वाऱ्यावर.

आपल्या व्यवसायबंधूंचे धाडसही दाद देण्यासारखे. २०१२ च्या उन्हाळ्यात छोट्या जाहिरातींच्या क्रेग्जलिस्ट या संकेतस्थळाने काही आठवडे जाहिरात टाकणाऱ्यांकडून कबूल करून घेतले की या मजकुराचे एकमेव परवानाधारक आम्हीच. कुणी जुना सोफा विकायला काढून ‘एका बाजूने मांजराने ओरबाडलेला’ असे लिहिले, तर ते वाक्य आणखी कुठे छापू द्यायचे ते ठरवणार क्रेग्जलिस्ट. सोफा मात्र ज्याचा त्याने जिन्यावरून उतरवायचा. टीका झाली, कलम निघाले. तरी पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी त्या काही आठवड्यांतल्या जाहिरातींपुरता, त्या उचलणाऱ्यांवरचा क्रेग्जलिस्टचा कॉपीराइटचा दावा फेटाळला नाही, पुढे चालू दिला.

पण खरी कमाल त्याच्या कितीतरी आधी झाली होती. सीडी संगणकात घातली की त्याला बहुधा दिसायचे ते ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ एवढेच. नव्वदच्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी सीडीडीबी उभी केली. ट्रॅकच्या लांबीवरून सीडीचा ओळखक्रमांक निघायचा आणि त्यावरून यादीतली नावे सापडायची. नाही सापडली तर ज्याच्या हातात सीडी, त्याने ती टाइप करायची. जगभरच्या हौशी लोकांनी ती केली. भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’ ऐकता ऐकता, रोमन लिपीत ‘ळ’ कसा लिहावा म्हणून डोके खाजवणारा एखादा मराठी माणूसही त्यांत असणारच. पुढे त्या यादीची कंपनी झाली, २००० मध्ये कंपनीची ग्रेसनोट झाली आणि २००८ मध्ये सोनीने ती सुमारे २६ कोटी डॉलरना घेतली. टाइप करणाऱ्यांना काय मिळाले? गाण्यांची नावे. तीही त्यांनीच टाइप केलेली. गाण्याच्या नावावर कॉपीराइट नसतो, हे आपल्या लोकांना पक्के ठाऊक. म्हणून बंधन नावांवर नाही, यादीपर्यंत पोचण्यावर आले. हे न रुचलेल्या रॉबर्ट के यांनी कॅलिफोर्नियात म्युझिकब्रेन्झ सुरू केले आणि तिथली मूळ माहिती सगळ्यांना खुली ठेवली.

आता आपली झोप उडवणारी गोष्ट सांगते. विकीट्रॅव्हल हे प्रवासमार्गदर्शक २००३ मध्ये सुरू झाले. मजकूर स्वयंसेवकांचा, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा: लेखकांचे श्रेय द्या, आणि मजकुरात भर घातलीत तर तीही याच अटींवर खुली ठेवा. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने ते विकत घेतले. २०१२ मध्ये स्वयंसेवकांचे कंपनीशी फाटले. ते निघाले ते सगळ्या मजकुराची प्रत काढून घेऊनच. कंपनीने दोघा स्वयंसेवकांवर दावा ठोकला. पण कॉपीराइटचे नाव घेऊन अडवायची सोय नव्हती, कारण परवान्याने प्रत काढायला मोकळीक दिलेली. मग ट्रेडमार्क आणि अनुचित स्पर्धा असे मुद्दे काढावे लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तडजोड झाली. तोच मजकूर त्या वर्षीच्या १५ जानेवारीपासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाकडे विकीव्हॉयेज नावाने नांदतो आहे. वकीलसाहेब, आपल्या धंद्याला याहून मोठा धोका नाही. त्या लोकांनी परवाना मालकाला नव्हे, एकमेकांना दिला होता.

हा परवाना रामबाण आहे असेही नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरची उत्तरे त्याच जातीच्या परवान्याखाली आहेत. २०२४ मध्ये कंपनीने ओपनएआयशी करार केला, तेव्हा निषेध म्हणून आपली उत्तरे पुसायला निघालेल्या काहींची खाती तात्पुरती बंद झाली. दिले ते दिले. पण निदान ते सगळ्या जगाला दिलेले होते, एकट्या कंपनीला नाही.

रेडिट या चर्चास्थळाची तऱ्हा त्याहून दिलदार. २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरताना त्या कंपनीने जाहीर केले की मजकूर वापरू देण्याचे एकूण २० कोटी ३० लाख डॉलरचे करार झाले आहेत. फुकट लिहिणारे आणि फुकट राखण करणारे यांचाही विसर पडला नाही. त्यांच्यातल्या निवडकांना ३४ डॉलर भावाने शेअर विकत घेण्याचा मान मिळाला. स्वतःच्या लिखाणात भागीदारी, स्वतःच्याच पैशांनी!

आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? इथल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी कुणाचा तरी लेख नाव कापून येतो, आणि जरा बरा असला तर तळाशी ‘पु. ल. देशपांडे’ चिकटवलेले असते. फरक इतकाच की आमची चोरी निदान विनामोबदला असते.

तेव्हा विनंती एकच. ‘मान्य आहे’च्या शेजारी आणखी एक बटण द्यावे: ‘मजकूर सर्वांना, श्रेयासह, सारख्याच अटींवर.’ ते दाबून आम्ही आपल्याला काहीच कमी देणार नाही. आपल्याला मिळेल ते शेजाऱ्यालाही मिळेल, एवढेच. आणि नेमके तेच आपल्याला परवडत नसेल, तर पहिल्या बटणाचा अर्थ आम्हाला पुरेसा कळला.

कळावे, लोभ असावा. (तोही विनामोबदला.)

आपली,
एक मान्य-आहे-वाली

ता. क.: ‘कायमस्वरूपी’ आणि ‘अपरिवर्तनीय’ हे आपले लाडके शब्द. त्याच १९७६ च्या कायद्यात कलम २०३ आहे. लेखकाने स्वतः दिलेला परवाना पस्तीस वर्षांनी त्याला मोडता येतो, करारात काहीही लिहिलेले असो. मी १९९८ मध्ये एका संकेतस्थळाला ‘कुकरच्या तीन शिट्ट्यांत मऊ वरण’ हा लेख दिला होता. २०३३ मध्ये मुदत भरते. नोटीस किमान दोन वर्षे आधी द्यावी लागते. मसुदा तयार आहे. मी नसले तर नवरा आणि मुले पाहून घेतील. हे कलम फक्त अमेरिकेपुरते चालते, त्यामुळे पुण्यात शिट्ट्या मोजायला आपण त्यानंतरही मोकळे.