झोपलेल्या माणसाचा चहा

प्रति,
मा. साहेब, अनुदान कक्ष
(खात्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे. शेवटचा हप्ता अजून यायचा आहे.)

विषय : चहाच्या १,८४० रुपयांबाबत खुलासा
संदर्भ : आपले आक्षेप क्र. ७ व ८

महोदय,

इंग्रजीतल्या अकरा पत्रांना उत्तर आलं नाही, म्हणून हे बारावं मराठीत लिहिते आहे. आपण तेही वाचणार नाहीच, तेव्हा जरा मोकळेपणानं लिहिते.

आक्षेप क्र. ७ : 'प्रकल्प झोपेविषयी आहे. सहभागी व्यक्ती झोपलेल्या होत्या. मग चहा कोण प्यायलं?' प्रश्न बिनतोड आहे. आम्ही प्यायलो. झोपेच्या अभ्यासात एकानं झोपायचं असतं आणि दुसऱ्यानं त्याच्याकडे बघत जागं राहायचं असतं, हे प्रस्तावात लिहायचं राहून गेलं.

आक्षेप क्र. ८ : 'झोपेच्या नोंदी दिवसा का घेतल्या?' कारण आमचे सहभागी रातराणीचे ड्रायव्हर आहेत. त्यांची झोप रात्रीच मोजायची तर ती चालत्या गाडीत, मागे चाळीस प्रवासी बसलेले असताना मोजावी लागेल. ते आम्हाला बरं वाटलं नाही.

आता कामाचं स्वरूप सांगते, म्हणजे चहाचा उलगडा होईल. ड्रायव्हर सकाळी साडेसहाला डेपोतून येतो. आमची ज्युनियर फेलो त्याच्या नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरते, मापं घेते, लाल पेन्सिलीनं खुणा करते. डोक्याला खोबरेल तेल असतंच. तेलावर इलेक्ट्रोड नीट धरत नाही, म्हणून एकेक जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, पेस्ट लावायची आणि तारा चिकटवायच्या. मग डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला दोन. यात पाऊण-एक तास जातो. ड्रायव्हर झोपला की हिचं काम संपत नाही. नंतर ती नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत डोळ्यांनी वाचून प्रत्येक तुकड्याला झोपेची कोणती अवस्था ते लिहायचं असतं. सहा तासांचे ७२० तुकडे होतात. एवढ्याला चहा लागतो, साहेब.

झोपेच्या संशोधनात आपल्याला साजेसा एक आदर्श प्रकल्पही होऊन गेला आहे. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्यानं तळघरात धूळ खात पडलेलं जुनं यंत्र दुरुस्त केलं आणि आठ वर्षांच्या पोटच्या पोराच्या डोक्याला तारा लावून स्वप्नांची झोप शोधून काढली. निबंध १९५३ साली 'सायन्स'मध्ये छापून आला. यंत्र भंगारातलं आणि सहभागी घरचा! पण ते यंत्र एका रात्रीत जवळजवळ अर्धा मैल कागद खायचं. आपण असता तर त्या कागदावर आक्षेप क्र. १ निघाला असता.

बाकीच्या तक्रारी मी उगाळत बसत नाही. उपकरणांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये ५ टक्क्यांवरून १८ वर गेला, ठीक आहे. देशानं २०२०-२१ मध्ये संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च केला, तेही ठीक. सर्वांत स्वस्त निविदेतल्या इलेक्ट्रोडच्या तारा तिसऱ्याच धुण्यात तुटतात, चालायचंच. मला बोलायचं आहे ते मार्चबद्दल.

मंजूर झालेला दुसऱ्या वर्षाचा हप्ता जूनमध्ये यायचा होता. तो गुरुवारी, २७ मार्च २०२५ रोजी, संध्याकाळी सहाला आला. सोबत सूचना होती की ३१ तारखेपर्यंत जे खर्च होणार नाही ते परत जाईल. पूर्वी न खर्चलेला पैसा निदान संस्थेच्या खात्यात राहायचा. आता खातंच शून्य शिल्लकीचं. शनिवार सुट्टीचा, रविवारी गुढीपाडवा, सोमवारी ईद. उरला शुक्रवार. नऊ महिने उशीर आपण केलात आणि नऊ तासांत हिशेब आम्ही लावायचा.

त्यातही सगळी रक्कम 'कन्झ्युमेबल्स'च्या हेडखाली होती आणि 'मनुष्यबळ'च्या हेडखाली शून्य. हेड बदलायला परवानगी लागते आणि परवानगीला सहा आठवडे. म्हणून त्या एका शुक्रवारी आम्ही कोटेशनं जमवली आणि इलेक्ट्रोडची पेस्ट घेतली. इतकी घेतली की राज्यातल्या झाडून साऱ्या ड्रायव्हरांची डोकी माखून निघावीत. तिला एक्स्पायरी डेट असते. ती पुढच्या वर्षी आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोकी आली. उतरवून घ्यायला ज्युनियर फेलोच होती. तिचं विद्यावेतन ३७,००० रुपये. जानेवारी २०२३ पासूनचा वाढीव दर, आपल्याच परिपत्रकातला. तोवर तिला सात महिने एक रुपया मिळाला नव्हता. तिनं चलन वाचलं, खोकी मोजली, सही केली. मग मला विचारलं, "मॅडम, ही पेस्ट परत करून त्याचे पैसे मिळतात का?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खोलीचं भाडं द्यायचं होतं.

महोदय, इथे मला उपरोध जमत नाही. सात महिने माणसाला पगार न देण्याला प्रक्रिया म्हणत नाहीत. आपल्या गल्लीतल्या किराणावाल्यानं पोऱ्याला असं राबवलं असतं, तर आपणच त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. मे महिन्यात ती गेली. मनगटावरच्या घड्याळात झोपेला शंभरापैकी गुण देणाऱ्या एका कंपनीत आहे. तिथे पगार एक तारखेला होतो.

आणि तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. पाडव्याच्या आदल्या रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. आपणच होतात. आमच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर शिक्का उलटा पडला होता आणि पोर्टल ते घेत नव्हतं. मागे कुणीतरी खोकत होतं, प्रिंटर चालू होता. म्हणजे तुमचा सगळा कक्ष जागा होता. मी नवा कागद पाठवला. तुम्ही फोन ठेवला नाहीत. जरा थांबून म्हणालात, "मॅडम, आप तो नींद पर काम करती हैं ना? मुझे तीन हफ़्तों से नींद नहीं आ रही. कुछ उपाय है?"

मी म्हणाले, "अप्रैल में आ जाएगी, सर."

तुम्ही हसलात. मला मात्र नंतर वाईट वाटलं. वरून तुमच्याकडेही पैसा तसाच शेवटच्या आठवड्यात येत असणार, आणि तुमच्या डोक्यावरही कुणाचा तरी आक्षेप क्र. ७ असणार. आमचा प्रकल्प रात्रपाळी करणाऱ्यांचा आहे, हे मला त्या रात्री नव्यानं कळलं.

तरीही हिशेब हिशेबाच्या जागी. प्रस्तावात १२० नोंदी लिहिल्या होत्या, झाल्या ४३. जेफ्री हॉल यांना शरीरातल्या घड्याळाच्या शोधासाठी २०१७ चं नोबेल मिळालं, तोवर निधीअभावी प्रयोगशाळा बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आमचं नोबेल-बिबेल काही नाही. आमचे ड्रायव्हर तेवढे रोज रात्री गाडी घेऊन निघतात, त्या गाडीत तुमचेआमचे लोक असतात, आणि तो माणूस दिवसा किती आणि कसा झोपला याच्या ७७ नोंदी आता कुणाकडेच नाहीत.

चहाचे १,८४० रुपये मी स्वतः भरले आहेत. पावती जोडली आहे. तिच्या सात महिन्यांचे २,५९,००० रुपये होतात. ते तेवढे द्या.

आपली विश्वासू,
प्रमुख संशोधक
(प्रकल्प कालावधी संपण्यास ४ महिने शिल्लक)