ब्रेक लागतो, सुटत नाही

अ‍ॅबर्डीन, स्कॉटलंड

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, बाबा, तुम्ही. मागच्या महिन्यात तुमच्या चिरंजीवांनी बर्फात उभ्या असलेल्या गाडीचा फोटो पाठवला, त्यात नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती. एसटीच्या कार्यशाळेत उभी हयात काढलेल्या माणसाला तेवढं पुरे झालं. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी करावी लागते. सरकारच्या संकेतस्थळावर नुसता नंबर टाकला की ती गाडी केव्हा तपासली, तेव्हा किती मैल पळालेली होती, कशात नापास झाली, सगळं कुणालाही वाचता येतं. कुणालाही म्हणजे सांगलीतल्या सासऱ्यांनासुद्धा. आमच्या २००९ सालच्या गाडीचं सगळं प्रगतिपुस्तक तुम्ही एका रात्रीत वाचून काढलंत आणि त्यातली 'मागचं डावं चाक, ब्रेक किंचित धरतो' ही शेवटची ओळ सकाळच्या चहाबरोबर आईंना ऐकवलीत.

आई, तुमचा फोन आला तेव्हा तुमच्या आवाजावरून वाटलं की आम्ही बिनब्रेकची गाडी घेऊन हिंडतोय. तसं काही नाही. ब्रेक लागतो, उत्तम लागतो. तो सुटत नाही, इतकंच. पाय काढला तरी ते चाक आपलं धरूनच बसतं. दत्ताला नवस बोलून झाला असेलच, तर तो नीट मजकूर सांगून बोलला होतात ना, एवढं बघा. 'ब्रेक लागू दे' असं मागितलं असेल तर ते जरुरीपेक्षा जास्त मिळालंय.

तपासणीत 'किंचित' होतं ते थंडी पडल्यावर किंचित राहिलं नाही. स्टोनहेवनचा समुद्र आणि डनॉटरचा पडका किल्ला बघून ए-९० रस्त्याने परत येत होतो. गाडीत जळका वास यायला लागला. चिरंजीवांनी आधी माझ्या डब्याकडे बघितलं. थालीपिठं गार होऊन दोन तास झाले होते, त्यामुळे तो संशय टिकला नाही. मग त्यांनी पुढच्या ट्रककडे, शेजारच्या शेताकडे आणि सरतेशेवटी हवामानाकडे बोट दाखवलं. गाडी पेट्रोल जास्त पिते आणि सोडून दिली तर पुढे घरंगळतच नाही, हे मी कधीपासून सांगत होते. पण त्यांच्या मते तो थंडीचा परिणाम. चिरंजीव मोठे झाले, मात्र घरातली कुठलीही वस्तू आपोआप बरी होते हा त्यांचा विश्वास शाबूत आहे. हे तुमच्याकडून आलंय का, आई? बाबांकडून नक्कीच नाही.

घरी आल्यावर बाबांची युक्ती केली. चाकाला हात लावायचा नाही, हाताची मागची बाजू नुसती जवळ न्यायची. उजवीकडे कोमट. डावीकडे हात नेला आणि लगेच मागे घेतला. मग आंबोळ्यांच्या तव्यासाठी मी आणलेला, लांबून तापमान सांगणारा थर्मामीटर थोरल्याने पळवला आणि चारही चाकांवर रोखला. मागचं उजवं ४५ अंश, डावं १७०. 'आई, यावर आंबोळी होईल,' असं त्याने जाहीर केलं. त्या दिवसापासून गाडी दारात उभी. बाबा, तुम्ही म्हणालात ते खरं आहे: असंच तापत राहिलं तर ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफ धरते, मग पेडल पोकळ जातं आणि तेव्हा मात्र आईंची भीती खरी होते.

आता, बाबा, तुम्हाला आवडणारा भाग. तुमच्या एसटीच्या ड्रमला लायनर मागे ओढून घ्यायला चांगली दणकट स्प्रिंग असते. आमच्या डिस्कला तसलं काहीच नाही! कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती एक चौकोनी काठाची रबरी रिंग असते. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जातो आणि त्याला चिकटलेली रिंग जराशी पिळली जाते. पाय काढला की ती आपली पूर्वपदावर येते आणि येताना पिस्टनला केसभर मागे आणते. बस्स. दीड टन गाडीचं चाक मोकळं होतं ते एवढ्याशा रबराच्या भरवशावर. वरचं धूळ अडवणारं रबर फाटलं, पाणी आत गेलं, पिस्टनला गंज चढला, की ती बिचारी रिंग काय करणार? शिवाय सगळा कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे सरकतो. त्यातली एक जरी आवळली तरी तोच प्रकार.

आणि गंज इथे मागायला जावं लागत नाही. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे रस्त्यावर टाकलेलं मीठ. बर्फ धरू नये म्हणून रात्री मिठाच्या लॉऱ्या फिरतात आणि कुठली लॉरी आत्ता कुठे आहे, हे नकाशावर घरबसल्या दिसतं. लॉऱ्यांना नावंही आहेत. एकीचं नाव 'सर सॉल्टर स्कॉट', थोर कादंबरीकाराला मीठ लावून. धाकटी रोज झोपायच्या आधी तो कुठवर आला ते बघते. गाडीचा शत्रू आमच्याकडे असा लाडका आहे.

गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून चिरंजीव तिथेच विजेवरच्या नव्या गाड्यांची माहितीपत्रकं चाळायला लागले. मी म्हटलं, आधी चाक खोलून तर बघू. शेजारचे आजोबा जन्मभर मासेमारीच्या बोटींवर इंजिनं सांभाळत होते. त्यांनी जॅक आणला, गाडीखाली लावायचे स्टँड आणले आणि माझ्या हातात पाना दिला. चिरंजीवांना बॅटरी धरायला सांगितली. माणसांची पारख आहे त्यांना. डिसेंबरात इथे दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो, त्यामुळे बॅटरी धरणं हेही काही कमी काम नाही, असं चिरंजीव तुम्हाला कळवायला सांगताहेत. मागच्या चाकाचं काम, म्हणजे हँडब्रेक सोडलेला. पुढच्या चाकांना दगड लावले. दगड इथे सगळे ग्रॅनाइटचे, त्यामुळे एसटीच्या इतिहासात लागली नसेल इतकी भारी उटी आमच्या गाडीला लागली.

दोष कॅलिपरचा की होज पाइपचा, हे आधी ठरवायचं होतं. जुना होज आतून फुगला की तेल पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही; बाहेरून बघाल तर ठणठणीत. आजोबांनी निपल जरासा सैल केला. तेलाचे दोन थेंब आले, चाक मात्र हललं नाही. दाब अडकलेला नव्हता, म्हणजे होज निर्दोष. मग कॅलिपर उतरवला. वरची पिन बोटाने फिरली. खालची हातोडीशिवाय हलेना. बाहेर आली तेव्हा तिच्यावरचं रबर चिरलेलं आणि आत तांबूस पीठ. आतल्या बाजूचा पॅड पार झिजून पत्र्याला टेकलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक.

मी पॅड बघत होते तेवढ्यात चिरंजीवांनी बॅटरी खाली ठेवून शिकंज्याने पिस्टन आत दाबायला सुरुवात केली. चेहरा लाल झाला, पिस्टन जिथल्या तिथे. मागच्या कॅलिपरच्या पोटात हँडब्रेकचा आटा असतो, तिथला पिस्टन दाबून नव्हे, फिरवून आत जातो. आजोबांनी त्यासाठीचं हत्यार दिलं आणि बॅटरी परत त्यांच्या हातात ठेवली. फिरवल्यावर पिस्टन अर्धा आत गेला आणि थांबला. त्याच्या अंगाला गंजाचे खड्डे पडले होते. तो साफ करून बसवण्यात अर्थ नव्हता.

मग दुकानातून दुरुस्त केलेला कॅलिपर आणला. आई, तुम्हाला हा व्यवहार आवडेल, थेट बोहारणीसारखा आहे: जुना दिला की नव्यावर भरलेली अनामत परत मिळते. फरक एवढाच की घासाघीस चालत नाही. मी करून बघितली. काउंटरवरचा मुलगा नुसता हसत राहिला. पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

शेवटी हवा काढायची होती. थोरला पेडलवर, मी चाकापाशी. 'दाब! धर! ...सोड!' ही आरोळी त्या अंधारात इतका वेळ चालली की समोरच्या बाईंनी पडदा सारून बघितलं. आता आजोबा मला रस्त्यात भेटले की 'गुड मॉर्निंग' म्हणत नाहीत, 'दाब, धर' म्हणतात. रंगावर सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर ते रंग खातं. फिरून आल्यावर थोरल्याने थर्मामीटर लावला: दोन्ही मागची चाकं पन्नाशीच्या आतबाहेर. चिरंजीवांचं म्हणणं, थंडी ओसरल्यामुळे.

बाबा, एक काम आहे. आजोबांकडे एक जुनी जीप आहे, मागे ड्रम असलेली. तीही धरते. शंका आली की ते तुमचीच युक्ती करतात, म्हणून त्यांना ती सांगणाऱ्या माणसाशी बोलायचंय. येत्या रविवारी तुमच्याकडे संध्याकाळी पाच वाजता फोनजवळ बसा. त्यांचं इंग्रजी आम्हाला निम्मंच कळतं. तुमचं त्यांना तेवढंही कळणार नाही. पण ड्रम समोर असला की तुमचं जमेल. त्यांनी तुमच्यासाठी गाडीचा नंबर लिहून दिलाय. त्या जीपचं सगळं प्रगतिपुस्तक आधी वाचून ठेवा म्हणाले.

मुलांचे साष्टांग नमस्कार.

तुमची,
सूनबाई

ता. क. आई, तुम्ही विणलेला राखाडी स्वेटर चिरंजीवांनी बॅटरी धरायला घातला होता. सिलिकॉनचं ग्रीस कशाने निघतं? रिठे, शिकेकाई, रॉकेल, काहीही चालेल. पण उत्तर मला पाठवा, त्यांना नको. ते म्हणताहेत, आपोआप जाईल.