मोती गळाल्याची बातमी, नियमात बसवून

देशी भाषांवरील शासनाचे प्रेम किती काटेकोर असते हे पाहण्यासाठी पानिपत शहराबाहेरील काला अंब येथे एक सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे शिक्षणसंस्था, स्वयंसेवी संस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र यांनी ना-नफा तत्त्वावर चालवावयाचे केंद्र, सुरू झाले आहे, अशी कल्पना करणे पुरेसे आहे. साधारण १०० वॉटच्या प्रक्षेपकाचा आवाज जेमतेम दहा किलोमीटर पोहोचतो. परंतु त्यावरील किमान निम्मे कार्यक्रम तेथेच तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक बोलीत असावेत, असा धोरणाचा आग्रह आहे. त्यानुसार हरियाणवीत रागिणी, म्हणजे 'सांग' या लोकनाट्यातील गीत, गाता येते, खताची मात्रा सांगता येते आणि तासाला १२ मिनिटे जाहिरातीही करता येतात. बोलीला मनाई आहे ती फक्त स्वतःची बातमी देण्याची.

बातमी आकाशवाणीचीच घ्यावयाची, मात्र तिचा बोलीत अनुवाद करण्याची मुभा मोठ्या मनाने दिलेली आहे. परिणामी शेजारच्या गावातील तंट्याने आधी आकाशवाणीचे बातमीपत्र गाठावे, तेथे प्रमाणभाषेत शुचिर्भूत व्हावे आणि मगच हरियाणवीत घरी परतावे, असा राजमार्ग आखलेला आहे. तोवर तंटा मिटला, तर तो भांडणाऱ्यांचा उतावीळपणा समजावा.

हेच नियम पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या दिवशी, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी, लागू असते, तर त्याच रणभूमीवरील काला अंब केंद्राला दिल्लीकडील रस्ता बंद असल्याची सूचना वाहतूक या सदराखाली देता आली असती, कारण वाहतूक, हवामान आणि पाणीपुरवठा यांची गणना बातमीत होत नाही. नानासाहेब पेशव्यांचे पुत्र विश्वासराव आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचे काय झाले, हे सांगण्यासाठी मात्र 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव अस्तित्वात येईपर्यंत, म्हणजे १९३६ पर्यंत, १७५ वर्षे थांबावे लागले असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली, तेव्हाही मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असे सांगण्यात आले. बातम्यांसाठी या वाहिन्यांनाही आकाशवाणीच्याच तोंडाकडे पाहावे लागते. बातमी आडवाटेने देण्याची रीत तशी जुनीच आहे. नानासाहेब पेशव्यांना पानिपतचा निकाल कळला तो सांकेतिक सावकारी पत्रातून: दोन मोती (म्हणजे विश्वासराव आणि भाऊ) गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. हा मजकूर बाजारभाव म्हणून आजही विनाहरकत प्रसारित झाला असता आणि तो लिहिणारा सावकार कोणत्याही केंद्रावर कार्यक्रमप्रमुख म्हणून पहिल्याच मुलाखतीत निवडला गेला असता.