गड कुठाय, बारीकराव?

आमच्या सोसायटीतले बारीकराव आजवर नऊ वेळा हरिश्चंद्रगडावर जाऊन आले. कोकणकडा त्यांनी अजून पाहिलेला नाही.

कड्याच्या काठापर्यंत ते व्यवस्थित येतात. शेवटच्या दहा पावलांत मात्र त्यांना खाली काहीतरी दिसतं. ‘आहाहा!’ म्हणत ते गुडघ्यांवर येतात, गुडघ्यांवरून कोपरांवर, कोपरांवरून पोटावर. तिथून पुढे तास-दीड तास त्यांच्या बुटांच्या तळव्यांशी बोलायचं. बाकीची मंडळी उभा तुटलेला कडा आणि तळाचं कोकण बघून ‘बापरे’ म्हणत असतात. बारीकराव टाचणीच्या डोक्याएवढ्या बुरशीला उद्देशून तेच म्हणत असतात.

बारीकराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. वजन चौऱ्याण्णव किलो आहे. बारीक असेल तेवढंच यांना दिसतं, म्हणून ट्रेकिंग ग्रुपातल्या पोरांनी ते ठेवलं आणि चिकटलं. नोकरी लेखापरीक्षणातली, बत्तीस वर्षं. कोट्यवधींच्या हिशेबातून चाळीस पैशांची तफावत काढायची आणि ती कशी आली याचा चार पानी खुलासा मागवायचा. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून त्यांनी कॅमेरा घेतला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता तरी हा माणूस मान वर करेल. त्यांनी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणली आणि पहिल्या रविवारी बेसिनखालच्या झुरळाचे एकशे चाळीस फोटो काढले. वहिनी दोन दिवस माहेरी, ठाण्याला होत्या.

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपात असा एक असतोच. किल्ले मोजणारा असतो, गारद देणारा असतो, मॅगीचं सामान वाहणारा असतो आणि खरं तर त्याच्यामुळेच ग्रुप टिकतो. पण या सगळ्यांना निदान डोंगर तरी हवा असतो. बारीकरावांच्या लेखी डोंगर म्हणजे मुंगीला उभं राहायला केलेली सोय.

त्यांच्या पाठपिशवीत अर्धा किलो श्रीखंडाचा एक पांढरा डबा असतो. तळ कापलेला, आतून ट्रेसिंग पेपर डकवलेला. हा फ्लॅशच्या तोंडावर बसवायचा. उजेड मऊ पडतो, किड्याच्या पाठीवर चमक मारत नाही. बाहेरून ‘आम्रखंड’ अजून वाचता येतं. ‘दुकानात हाच डिफ्यूझर दोन हजारांना आहे, मला फुकटात पडला,’ असं ते सांगतात. फुकटात पडला हे वहिनींना मान्य नाही. डबा रिकामा व्हावा म्हणून आतलं आम्रखंड यांनी एका दुपारी संपवलं होतं, आणि त्या आठवड्यात साखर एकशे ऐंशी आली होती.

कला मात्र अवघड आहे, हे कबूल करायला हवं. या लेन्समधून मुंगी सेन्सरवर मुंगीएवढीच्या मुंगीएवढी उमटते. तितक्या जवळ गेलं की मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा पापुद्रा तेवढा स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं धुरकट. डोळा साधला तर मिशा गेल्या, मिशा साधल्या तर डोळा गेला. म्हणून बारीकराव केसभर पुढे सरकत एकामागून एक वीस-पंचवीस फोटो घेतात आणि घरी ते संगणकावर एकावर एक रचून अख्खी मुंगी उभी करतात. सरकताना श्वास घ्यायचा नाही. आता, श्वास रोखून पालथा पडलेला चौऱ्याण्णव किलोचा माणूस दिसला की बघणाऱ्याला काय वाटेल? गडाच्या खिरेश्वरकडच्या वाटेवर गुरांमागून येणाऱ्या एका आजीबाईंनी आधी मायेनं विचारलं, ‘काय सांडलं का, बाबा?’ उत्तर नाही. ‘अंगठी पडली का?’ तरी उत्तर नाही. मग मात्र त्यांनी आरडाओरडा करून नातवाकडून कळशीभर पाणी मागवलं आणि बारीकरावांच्या मानेवर ओतलं. मुंगी वाहून गेली. सतरावा फोटो चालू होता. आजही तो विषय निघाला की ते ‘म्हातारी प्रेमळ होती’ एवढंच म्हणतात आणि दात आवळतात.

हे असं का झालं असावं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. दोष आम्ही राहतो त्या चेंबूरचा आहे. बोरिवली-मुलुंडकरांना खिडकीत नॅशनल पार्कचे डोंगर असतात. आमच्या वाट्याला आला ट्रॉम्बेचा डोंगर, आणि १९५४ पासून त्याच्या पायथ्याशी अणूचं संशोधन चालतं. तिकडे कॅमेरा रोखला तर फोटोपेक्षा फोटोग्राफरच जास्त वेळ आत राहायचा. दुसऱ्या अंगाला माहुलची रिफायनरी, तिची रात्रंदिवस पेटलेली ज्योत, आणि खताचा कारखाना. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणायची कोटी इतकी जुनी झाली की आता तिला रिक्षावालेसुद्धा हसत नाहीत. डिसेंबरातल्या सकाळी समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला दिसला, तर बारीकराव ‘आज हवा स्वच्छ’ असं जाहीर करतात. लांबचं दिसणारच नसेल तर माणूस जवळचं बघायला शिकतो. आणि चेंबूर हे नावच मुळी चिंबोरीवरून आलं असं म्हणतात. म्हणजे डोळे जमिनीलगत, चाल आडवी. बारीकरावांना चालताना मागून पाहिलंत तर पटेल.

सध्या त्यांना दगडफुलाचं वेड लागलंय. खडकावर करड्या-हिरवट झालरीसारखं वाढतं ते. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला संसार: घर बुरशीचं, स्वयंपाक शेवाळाचा. वाढ अतिशय मंद, आणि गंधकाच्या धुराचं नाव काढलं की बऱ्याच जाती मान टाकतात. हे वाचल्यावर त्यांनी सोसायटीतला आंबा, गेटजवळचा गुलमोहर आणि डायमंड गार्डनच्या आसपासची बरीच झाडं भिंग घेऊन तपासली. एकही पापुद्रा मिळाला नाही. ‘आपण काय हुंगतोय याचा हा ऑडिट रिपोर्ट आहे,’ असं त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत उठून सांगितलं. विषय पाण्याच्या टाकीचा चालला होता.

हरिश्चंद्रगडाच्या खडकांवर मात्र त्यांनी दगडफुलाचे असे फोटो काढले, की बघताना विमानातून एखादं अनोळखी बेट बघतोय असं वाटावं. खाड्या, भूशिरं, सगळं. एक मोठा करून त्यांनी भिंतीवर लावला. वहिनींनी पदराला हात पुसत तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘अहो, हे तर दगडफूल. गोडा मसाल्याला आणलेलं उरलंय डब्यात, तेच मांडून द्यायचं होतं टेबलावर. चौदाशे मीटर कशाला चढलात?’

यावर बारीकरावांकडे उत्तर होतं. दगडफूल डब्यात असतं तेव्हा ते मेलेलं असतं. पण ते बोलले नाहीत, कारण त्याच डब्यावर रात्रीची आमटी अवलंबून होती.

चाळकेवाडीची कथाही अशीच. साताऱ्याच्या वरचं ते पठार, डोक्यावर शेकडो पवनचक्क्या. तिथे गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा सरडा आहे. २०१६ साली संशोधकांनी त्याला नवी ओळख देताना वंशाच्या नावासाठी लॅटिन शोधत न बसता सरळ आपला मराठी शब्द उचलला: ‘सरडा सुपर्बा’. बारीकरावांना या गोष्टीचा इतका अभिमान, की त्याचं बारसं यांच्याच घरी झालं असं वाटावं. मी दोन दिवस सोबत होतो. त्यांच्या सहाशे फोटोंत पवनचक्कीचं एक पातंही नाही.

यंदा सप्टेंबरात आम्ही पुन्हा हरिश्चंद्रगडाला गेलो. चेंबूरहून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून कल्याण, कल्याणहून माळशेजची एसटी, आणि खुबी फाट्यावर उतरून पायपीट. बारीकराव बरोबर असल्यामुळे वाट नेहमीच्या दुपटीने लांबली. टोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे; सगळ्यांनी वाघाचा फोटो घेतला, यांनी वाघाच्या कानातल्या कोळ्याचा. पुढे खडकात ठोकलेल्या रेलिंगवरचा गंज त्यांना फार आवडला आणि मागे पुण्याच्या एका कॉलेजची तीस मुलं खोळंबली. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात ते मोठं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच उभा. आम्ही हात जोडले. बारीकरावांनी पाण्यावरून चालणाऱ्या एका किड्याच्या पायाखाली पाण्याला पडलेली खळी टिपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणकड्यावर अघटित घडलं. पाठीशी कोवळं ऊन, समोर दरी धुक्याने काठोकाठ, आणि त्या धुक्यावर आमच्या सावल्या, सावल्यांच्या डोक्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य. इंद्रवज्र! कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला ते इथेच दिसलं, ही गोष्ट प्रत्येक ट्रेकर पहिल्याच चढाला ऐकवतो. स्वतः पाहिलेले त्या मानाने थोडे. त्यातली गंमत अशी की प्रत्येकाला ते वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. त्यामुळे आम्ही पाचही जण आपल्याला एकट्यालाच संतपद मिळालं अशा थाटात हात हलवत होतो.

‘बारीकराव! अहो, इंद्रवज्र! धावा!’

मागून, जमिनीच्या पातळीवरून, आवाज आला, ‘एक मिनिट. पातं हलतंय. कोणी नाचू नका.’

एका मिनिटानंतर धुकं उठलं.

कोजागिरीला गच्चीवर त्यांनी त्या फोटोंचा कार्यक्रम ठेवला. मसाला दूध, भिंतीवर पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर. पहिला अर्धा तास कोळी, गंज आणि सोनकीच्या एका पिवळ्या पाकळीवरचे परागकण. सेक्रेटरींनी दूध संपवलं, पेला खाली ठेवला आणि सगळ्यांच्या मनातलं विचारलं, ‘बारीकराव, गड कुठाय?’

‘हा काय,’ म्हणून त्यांनी पुढचा फोटो लावला. गवताचं एकच पातं, टोकाला लोंबणारा एक थेंब, काचेच्या गोटीसारखा, चादरभर. गच्चीवर खरोखर शांतता पसरली. मी उठून जवळ गेलो. थेंबाच्या पोटात काहीतरी होतं. पांढऱ्याशुभ्र धुक्यावर काळ्या रेघांसारखी, डोकी खाली पाय वर अशी पाच माणसं, हात हलवत. त्यातला टोपीवाला म्हणजे मी, हे मला ओळखू आलं.

‘अहो, हे आम्ही!’ मी ओरडलो.

बारीकराव चष्मा कपाळावर सरकवून चादरीला नाक लागेपर्यंत वाकले. बराच वेळ पाहिलं.

‘खरंच की,’ ते कष्टी होऊन म्हणाले. ‘साफ करायचं राहिलं.’