पॉकेटकाका

जुन्या जिमखान्याच्या बिलियर्ड रूममध्ये एक गृहस्थ हमखास टेबलाखाली सापडतात. दारातून नुसतेच दोन पाय दिसतात आणि मधूनच आवाज येतो, ‘टॉर्च जरा इकडे धर रे!’ टॉर्च धरणारा तो मार्कर. त्याचं काम खरं तर गुण मांडायचं आणि बॉल लावायचं, पण पंधरा वर्षं तो टॉर्चच धरतोय. गृहस्थांचं वय सत्तरीच्या आसपास. नोकरी रेल्वेत, पीडब्ल्यूडीत किंवा एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात झालेली. क्यू हातात घेऊन त्यांना खेळताना कुणी पाहिलेलं नाही. क्लबात त्यांना पॉकेटकाका म्हणतात. दुसऱ्या क्लबात नाव दुसरं असेल, माणूस हाच.

स्नूकरचं टेबल म्हणजे टनभराहून जड प्रकरण. 12 फूट लांब, 6 फूट रुंद, आठ पाय, पाच तुकडे जोडून केलेली दगडी स्लेट आणि वर लोकरीचं हिरवं कापड. एवढ्या सगळ्या ऐवजात काकांना रस आहे तो फक्त सहा भोकांत. ‘टेबल म्हणजे काय हो? सहा पॉकेटं एकमेकांपासून लांब ठेवायची सोय,’ असं ते नव्या सभासदांना समजावतात.

पॉकेटला दुखणी पुष्कळ. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, उन्हाळ्यात ते कडक होऊन आक्रसतं, टाके उसवतात आणि आतली धातूची कमान उघडी पडते. मग जोरात मारलेला बॉल खण्णकन आपटून परत टेबलावर येतो, नाहीतर त्याचा टवका उडतो. जाळी कुजली असेल तर तो थेट फरशीवर पडतो आणि कोचाखाली जातो. मुंबईहून फिटर बोलवायचा तर त्याचं भाडं, राहणं, जेवण. म्हणून कमिटीने हे खातं न मागता काकांना देऊन टाकलं. काकांनी कमान सोडवली आणि क्लबाबाहेरच्या मोच्यासमोर ठेवली. त्याने घोड्याच्या नालासारखी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘साहेब, जोडीतला दुसरा?’ काकांनी पिशवीतून आणखी पाच काढले.

आता त्या मोच्याला मधल्या पॉकेटचं चामडं कुठलं आणि कोपऱ्याचं कुठलं हे हात लावून कळतं. सेक्रेटरींना कळत नाही, हे काकांचं खरं दुःख.

दुरुस्तीपर्यंत सगळं ठीक चालतं. भांडणं सुरू होतात ती ‘सुधारणे’पासून. स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटरचा; कोपऱ्याचं पॉकेट साधारण साडेतीन इंचांचं, मधलं त्याहून थोडं मोठं. पण नेमकं माप नियमावलीत सापडत नाही. तोंडं अधिकृत साच्याबरहुकूम असावीत, एवढंच ती सांगते. त्यात पूल या खेळाच्या टेबलावर पॉकेटची तोंडं सरळ कापलेली, तर स्नूकरची गोलाई दिलेली. त्यामुळे बॉल जरा चुकला की दोन्ही जबड्यांवर थडथड आपटून बाहेर येतो. ही गोलाई किती असावी यावर क्लबात दोन पक्ष आहेत. संध्याकाळी येणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टर-वकील मंडळींना पॉकेट ऐसपैस हवं. राज्य पातळीवर खेळणाऱ्या पोरांना घट्ट. काकांनी एका स्पर्धेला आलेल्या फिटरच्या मागे लागून साच्याचा आकार उतरवून घेतला आणि प्लायवुडचा साचा केला. तो त्यांच्या पिशवीत कायम असतो. परक्या क्लबात लग्नाच्या रिसेप्शनला गेले तरी जेवणाआधी ते बिलियर्ड रूम शोधतात.

ऐसपैसवाल्यांचं तोंड बंद करायला त्यांच्याकडे एक हुकमी गोष्ट आहे. 1979 साली इंग्लंडच्या जॉन स्पेन्सरने एका स्पर्धेत 147चा, म्हणजे एकाच पाळीत 147 गुणांचा, सर्वोच्च ब्रेक केला. पण टेबलाची पॉकेटं साच्यापेक्षा मोठी होती, म्हणून त्याला अधिकृत मान्यताच मिळाली नाही. त्यात टीव्हीवाले जेवायला गेल्यामुळे चित्रीकरणही झालं नाही! एवढं सांगून काका डॉक्टरांकडे असे पाहतात, की जणू डॉक्टरांचा 147 थोडक्यात हुकला होता. डॉक्टरांचा आजवरचा सर्वोच्च ब्रेक 23.

शेवटी गेल्या मेमध्ये काकांनी जबड्यांवर कापडाखाली पातळ पॅकिंग लावून सहाही पॉकेटं घट्ट केली. सातला सुरू झालेली फ्रेम जेवणाची वेळ टळली तरी संपेना. कँटीनवाला खूश, बाकी सगळे सूचनावहीत लिहू लागले. काकांनी पॅकिंगला दोष दिलाच नाही. दमट हवेला दिला आणि टेबलाखाली हीटर मागितला. सेक्रेटरी म्हणाले, पावसाळ्यात खेळू नका. यावर काकांनी इतिहास काढला: हा खेळच मुळी पावसाळ्यातला, 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये अधिकाऱ्यांना बाहेर पडता येईना म्हणून नेव्हिल चेंबरलेनने काढलेला. ‘पंतप्रधान झाला तो नव्हे,’ हेही त्यांनी न विचारता सांगितलं. हीटर मिळाला नाही. पॅकिंग निघालं, पण दोनच पॉकेटांचं. ती कुठली, हे काका सांगत नाहीत.

कंटाळून कमिटीने टेबल विकायचा ठराव केला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचे विजेते झाले, वैयक्तिक खेळातले पहिले भारतीय जगज्जेते. तेव्हापासून जुनं टेबल मोडीत काढायची वेळ आली, की ‘यावर जोन्स खेळलेत’ असं कुणीतरी म्हणतंच. या सगळ्या टेबलांवर खेळायचं तर त्यांना दुसऱ्या कशाला वेळच मिळाला नसता. काका मात्र प्रामाणिक. ‘खेळले की नाही ठाऊक नाही, पण खेळले असते तर या डाव्या कोपऱ्यात बॉल नक्की गेला असता,’ एवढंच ते म्हणाले.

गिऱ्हाईक आलं, दुसऱ्या गावच्या क्लबाचे दोन पदाधिकारी. टेबल दाखवायला अर्थातच काका. कुठल्या कमानीचा बोल्ट झिजलाय, कुठल्या जाळीला गाठ मारलीय, कुठल्या जबड्यात पॅकिंग आहे, उजव्या मधल्या पॉकेटपाशी कापड कुठे पातळ झालंय, सगळं त्यांनी दोन तास टॉर्च मारून दाखवलं. पाहुण्यांनी बाहेर येऊन चहा घेतला, आपसात बोलले आणि सेक्रेटरींना म्हणाले, ‘टेबल राहू द्या. या गृहस्थांचं काय घ्याल?’