पत्र असेल तर बोला

एप्रिल २०२०मध्ये, कोरोनाच्या लॉकडाऊनात, सारोळ्याच्या पुलाला वाघा सीमेची कळा आली होती. पलीकडे पुणे जिल्हा, अलीकडे सातारा, मधून नीरा नदी आणि बॅरिकेडपाशी खुर्ची टाकून बसलेलं सरकार. काम बंद पडलेला माण-खटावचा गडी बायकापोरांसह चालत आला की एकच सवाल: पास कुठाय? नाही? मग फिर माघारी. आडवाटेनं गाव गाठलंच, तर वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि काठ्या घेऊन उभी राहिलेली भावकी.

मात्र ८ एप्रिलला उद्योगपती वाधवान बंधू गोतावळ्यासह लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याहून निघाले ते थेट महाबळेश्वरात पोचले. माणसं तेवीस, गाड्या पाच. त्यातले कपिल आणि धीरज येस बँक प्रकरणात सीबीआयला हवे होते, पण नाक्यावर ते कोणाला नकोसे झाले नाहीत. कारण खिशात पत्र होतं. गृहखात्याचे विशेष प्रधान सचिव अमिताभ गुप्ता यांचं. मंडळी आपल्या परिचयाची असून कौटुंबिक निकडीसाठी निघाली आहेत, असा त्याचा आशय. महाबळेश्वरात जाऊन भागवायची कौटुंबिक निकड आमच्या सातारकरांना कधी सुचली नव्हती, हा आमचाच अडाणीपणा.

बोभाटा झाला. मंडळींवर सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ लागलं, रवानगी पाचगणीत विलगीकरणात, पुढे कपिल-धीरजला सीबीआयनं उचललं. गुप्तासाहेब सक्तीच्या रजेवर. चौकशी झाली, रजा संपली आणि सप्टेंबरात ते पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. म्हणजे पुलाच्या पलीकडचा बंदोबस्त योग्य हाती गेला.

इकडे १८९७चा साथरोग कायदा जोरात होता. प्लेगात इंग्रजांनी केलेला, रँडच्या काळातला. तेव्हा सोजीर घरात शिरत, आता शिपाई घराबाहेर दिसेल त्याला उठाबशा काढायला लावत. वर व्हिडिओ. कान धरून माफी मागणारा म्हातारा अख्ख्या जिल्ह्यानं पाहिला. विषाणूवर त्याचा काय परिणाम झाला, ते कळलं नाही.

तयारीचं म्हणाल तर सुरुवातीला साताऱ्याचे घशातले नमुनेसुद्धा पुण्याला जात. जम्बो कोविड रुग्णालय उभं राहिलं ते ऑक्टोबरात, सप्टेंबरची लाट उतरणीला लागल्यावर. बॅरिकेड मात्र पहिल्या दिवशीच तयार होतं. त्याला ना निविदा लागते, ना डॉक्टर.

पुढच्या वर्षी नियमांना धार आली. किराणा-भाजी सकाळी ७ ते ११. दिवसभर पांगलेली गर्दी चार तासांत एका जागी कोंबायची ही युक्ती ज्याला सुचली, त्याचा सत्कार राहून गेला. लग्नाला माणसं २५, वेळ दोन तास, चुकलात तर ५० हजार. भटजींनी मंगलाष्टकं अशी पळवली की नवरा-नवरीला 'सावधान' ऐकूच आलं नाही. एवढं करूनही ऑगस्ट २०२१मध्ये राज्य मोकळं होत असताना, सवलत नाकारलेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा आणि शेजारचा सांगली दोन्ही होतेच.

२०२२मध्ये सरकारनं लॉकडाऊनमधले १८८चे गुन्हे मागे घ्यायचं जाहीर केलं. आमच्या कोपऱ्यावरच्या केळीवाल्याला पेपर वाचून दाखवला. सव्वाअकराला गाडा लावला म्हणून त्याच्यावरही गुन्हा होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक हाय हो, पण माझा वजनकाटा उचलून नेला, तो कधी देत्यात?"