मनगटाचे मानकरी

शस्त्रक्रियेवाचून बरे होण्याचा निर्धार केलेल्या मनुष्याइतका उद्योगी प्राणी आपल्या समाजात दुसरा आढळत नाही. आणि त्यातही ज्याने उभी हयात कचेरीतील दप्तरे लिहिण्यात घालवून निवृत्तिवेतन पदरात पाडून घेतले आहे, अशा गृहस्थाच्या मनगटातील नस चेपली गेली, तर त्या एका मनगटाच्या बळावर तो सबंध पेठ कामाला लावतो. मध्यरात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येऊन जाग येणे आणि अंथरुणात उठून बसून हात झटकणे, एवढीच मूळ तक्रार. परंतु डॉक्टरांनी तिला ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ असे भारदस्त नाव देताच तिला बढती मिळाल्याचा आनंद या गृहस्थांना होतो.

यानंतर त्यांच्या घरी चहाला जाणाऱ्याने पुरेसा वेळ हाताशी ठेवूनच जावे. मनगटात आठ अस्थींची पन्हळ असून तिच्यावर एका जाड बंधाचे छप्पर आहे व त्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते, हे ते प्रथम समजावून सांगतात. चाळीच्या एका खोलीत नऊ धट्टेकट्टे पुतणे आणि एक अबोल आत्या राहावी तसा हा संसार. पुतणे जरा सुजले की चेपली जाते ती आत्याच. मग जॉर्ज फेलन नामक अमेरिकन शल्यविशारदाच्या नावे प्रसिद्ध असलेली परीक्षा सुरू होते: पाहुण्याने दोन्ही पंजे खाली लोंबते ठेवून त्यांच्या पाठी एकमेकींस टेकवायच्या आणि मिनिटभर तसेच बसायचे. समोर चहावर साय धरते. एखाद्याने आपल्यालाही मुंग्या येत असल्याचे सांगितले, तर ‘‘करंगळीला येतात काय?’’ असा सवाल होतो आणि होकार येताच, ‘‘करंगळीची नस निराळी, तुमचे प्रकरण आमच्या अखत्यारीत येत नाही,’’ असा शेरा मारून त्याची दरखास्त फेटाळली जाते.

डॉक्टरांनी वास्तविक थोडकेच सांगितलेले असते. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना बांधावा, काही आठवडे वाट पाहावी, घट्ट पकडीची कामे कमी करावीत. न भागल्यास स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन घ्यावे. थायरॉइडची व रक्तातील साखरेची तपासणी मात्र अवश्य करावी. यांपैकी साखरेची सूचना त्यांस मानहानिकारक वाटते. कारण आपले मनगट सरकारच्या सेवेत झिजले, अशी त्यांची कैफियत असून तीत जिलबीचा उल्लेख कोठेही नाही. अंगठ्याच्या बुंध्याशी असलेला मांसल उंचवटा खपाटीस जाऊ लागला अथवा बधिरपणा दिवसरात्र हटेना, तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये, हेही डॉक्टरांनी बजावलेले असते (आणि ती शस्त्रक्रिया काही मोठी नव्हे, पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी घरी येतो), पण हे कलम त्यांनी पहिल्याच दिवशी बेमुदत तहकूब केलेले असते. त्याऐवजी तांब्याचे कडे येते, महानारायण तेल येते, आणि कोणाच्या तरी मेहुण्याने सुचविलेला निगडीच्या पाल्याचा शेकही येतो.

राहता राहिला पट्टा. तो मात्र ते दिवसभर बांधतात. मुंजीत, व्याख्यानमालेत, भाजीमंडईत, बँकेच्या रांगेत, सर्वत्र तो करड्या रंगाचा पट्टा छातीशी धरलेला असतो, आणि कोणी विचारपूस न केल्यास त्याची चिकटपट्टी चर्रकन उघडून पुन्हा लावली जाते. रात्री ते तो काढून खुंटीवर टांगतात. वस्तुतः झोपेतच मनगट नकळत मुडपते आणि नसेवरील दाब वाढतो, त्यामुळे पट्ट्याची खरी नोकरी रात्रपाळीची. परंतु अंधारात जे कोणाला दिसणार नाही ते दुखणे सोसावे कशासाठी, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, ही गोष्ट त्यांच्या व्याख्यानात येत नाही. त्यांच्या कुटुंबास कित्येक वर्षे पहाटे हात झटकत उठावे लागे; परंतु कणीक मळून आलेल्या मुंग्यांची बारनिशीत नोंद होत नसते. अलीकडे मात्र कुटुंबाचा हात पुष्कळ बरा आहे, आणि तांब्याच्या कड्याचा प्रभाव आता घरातील इतर माणसांवरही पडू लागल्याचे यजमान मोठ्या समाधानाने सांगत होते. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘अहो, सभेहून यायला उशीर होणार असेल, तर तो पट्टा घरीच ठेवून जा. मला रात्री लागतो.’’